शेवटचं वाक्य, अर्धंच ऐकलेलं

दर गुड फ्रायडेला नागपुरात 'सदर' भागातल्या एखाद्या चहाटपरीवर कुणीतरी म्हणतंच, "येशूनंही क्रुसावर शेवटी हार मानलीच ना? 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' म्हणाला की!" वाक्य खरं, अर्थ अर्धवट. ही स्तोत्रसंहितेतल्या (बायबलच्या जुन्या करारातला स्तोत्रांचा ग्रंथ) 22व्या स्तोत्राची पहिली ओळ. अभंगाचं ध्रुपद उच्चारलं की पुढचा अभंग आठवतो ना, तसं. (वेदना खोटी नव्हती, हेही आहेच.) त्याच स्तोत्रात पीडिताचे कपडे वाटून घ्यायला चिठ्ठ्या टाकणारे आहेत, क्रुसाखाली शिपायांनी नेमकं तेच केलं. 24वं वचन तर सांगतं, देवानं पीडिताकडे पाठ फिरवली नाही, त्याची हाक ऐकली. तिथवर वाचतो कोण! योहानाच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) येशूचा शेवटचा उद्गार आहे 'पूर्ण झालं'. मूळ ग्रीक शब्द काम तडीस नेल्याचा, 'संपलो' असा नाही.