हास्टचा गरुड मढी खाऊन जगत नव्हता

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा, आता नामशेष झालेला हास्टचा गरुड म्हणजे आकाराने वाढलेलं गिधाड, इतक्या जड पक्ष्याला शिकार कुठली जमणार, असं अनेक वर्षं सांगितलं जातंय. हे चूक आहे.

१८७१मध्ये ग्लेनमार्कच्या दलदलीत त्याची हाडं सापडली आणि भूवैज्ञानिक ज्युलियस फॉन हास्ट यांनी त्याचं वर्णन केलं. मादीचं वजन १० ते १५ किलो, पंखांचा पसारा जास्तीत जास्त ३ मीटर. देहाच्या मानाने पंख आखूड होते, हे खरं. पण झाडीत शिकार करणाऱ्या पक्ष्यांचे पंख असेच असतात.

खरा पुरावा त्याच्या भक्ष्याच्या हाडांत आहे. मोआ या बिनपंखी, प्रचंड पक्ष्यांच्या कमरेच्या हाडांना नख्यांनी आरपार भोकं पडलेली सापडली आहेत. मेलेल्या जनावराला असा घाव कोण कशाला घालेल?

गिधाडाशी साम्य अगदीच नाही असंही नाही. २०२१च्या अभ्यासात चोच आणि नख्या शिकारी गरुडाच्या, तर कवटीची काही ठेवण मात्र गिधाडासारखी आढळली. म्हणजे मारायचा गरुडासारखा आणि आतडी-काळीज ओढून खायचा गिधाडासारखा. मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो!

डीएनएनुसार त्याच्या जवळच्या नातलगांत हिवाळ्यात आपल्याकडे येणारा, जेमतेम किलोभराचा बूटेड ईगल आहे.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक बेटांवर आले, मोआ शिकारीत संपले, आणि साधारण १४००च्या सुमारास गरुडही गेला.