उपचारात्मक घोडेस्वारी: स्वाराच्या बाजूने चालणाऱ्यांची पार्श्वभूमी

दिव्यांग व्यक्तींसाठीच्या घोडेस्वारी कार्यक्रमांत एका स्वारासाठी अनेकदा तीन माणसे जमिनीवर चालत असतात: एक जण दोर धरून घोडा चालवतो आणि उरलेले दोघे स्वाराच्या दोन्ही अंगांना राहतात. यांतले बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक असतात. ही पद्धत रूढ कशी झाली, याचा माग काढताना विसाव्या शतकाच्या मध्यावरील युरोपाकडे वळावे लागते.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल या नावाजलेल्या घोडेस्वार होत्या. १९४४ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी आणि गरोदर असताना, त्यांना पोलिओने गाठले. मूल सुखरूप जन्मले आणि हार्टेल यांनी चिकाटीने शरीरातले बरेचसे बळ परत मिळवले, परंतु गुडघ्यांखाली पाय लुळेच राहिले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या हातांची गरज लागे. ऑलिंपिकमधील ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली अचूक करून घेण्याची स्पर्धा, तोवर लष्करी अधिकाऱ्यांपुरतीच होती. ते बंधन उठल्यावर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच पुरुषांच्या बरोबरीने त्यात उतरल्या आणि हार्टेल यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर रौप्यपदक जिंकले. विजयमंचावर चढताना त्यांना आधार दिला तो सुवर्णपदक विजेते, स्वीडनचे हेन्री सेंट सिर यांनी. १९५६ मध्ये हार्टेल यांनी पुन्हा रौप्यपदक मिळवले. या कहाणीत एकट्या माणसाची जिद्द तेवढी सांगितली जाते, याची मला खंत वाटते; खोगिरापर्यंत पोहोचवणारे कोणी तरी असले की पुढची मांड स्वाराची स्वतःची असते, हेही हार्टेल यांनी तितक्याच ठळकपणे दाखवून दिले होते.

त्यांच्या यशानंतर युरोपातील भौतिकोपचारतज्ज्ञांचे लक्ष घोड्याकडे गेले. नॉर्वेत एल्सबेट बॉटकर यांनी दिव्यांग मुलांना तट्टांवर बसवण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी उभे राहिलेले छोटे गट १९६९ मध्ये ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ या संस्थेत एकत्र आले. याच वर्षी उत्तर अमेरिकेतही अशीच एक संघटना स्थापन झाली, जी २०११ पासून ‘पाथ इंटरनॅशनल’ या नावाने ओळखली जाते. ब्रिटिश संस्था तर मुख्यतः स्वयंसेवकांच्याच बळावर वाढली.

एवढी माणसे का लागतात, याचे उत्तर घोड्याच्या चालीत आहे. घोडा सावकाश चालताना त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशी एकाच वेळी हलते, आणि त्यामुळे स्वाराच्या कंबरेला मिळणारी हालचाल माणसाच्या चालण्याशी पुष्कळ मिळतीजुळती असते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याची अवस्था) असलेल्या मुलाला धडाचा तोल प्रत्येक पावलागणिक नव्याने सावरावा लागतो, आणि उपचाराचा गाभा नेमका हाच आहे. मात्र ज्याचा तोल अजून पक्का नाही त्याला सतत हलणाऱ्या पाठीवर बसवायचे, तर पडू न देणारे हात जवळ हवेतच. जर्मन भाषक देशांत १९६० च्या दशकात घोड्याच्या चालीचा वैद्यकीय उपयोग पद्धतशीरपणे होऊ लागला आणि त्यातून हिप्पोथेरपी ही शाखा आकाराला आली. ती प्रशिक्षित उपचारतज्ज्ञच देतात. घोडेस्वारी शिकवण्याचा भाग तिच्यापासून वेगळा मानला जातो. स्वयंसेवक दोन्हीकडे असतात, पण उपचार करणे हे त्यांचे काम नव्हे.

त्यांचे काम दिसते तितके सोपे नाही. जास्त आधार लागणाऱ्या स्वाराच्या बाजूचा सहायक आपला हात त्याच्या मांडीवरून आडवा नेऊन खोगिराची पुढची कड धरतो. हातावर भार मात्र टाकायचा नसतो, नाही तर स्वार त्याच बाजूला कलतो. थोड्या वेळात हात भरून येतो. मग घोडा थांबवून दोन्ही सहायक बाजू बदलतात, तेही एका वेळी एकच, म्हणजे स्वार क्षणभरही मोकळा राहत नाही. दोघांनी एकाच वेळी बोलायचे नसते, कारण सूचना प्रशिक्षकाकडूनच यायला हव्यात. मांड बसत गेली की मांडीवरचा हात आधी घोट्यावर येतो, नंतर सहायक नुसते शेजारून चालतात, आणि काही स्वारांच्या बाबतीत शेवटी दोरही सोडला जातो. अर्थात प्रत्येकाची वाटचाल तिथवर जातेच असे नाही. काहींना आधार कायम लागतो आणि तो देणारे हात आठवड्यामागून आठवडे यावे लागतात.