न सांगता संशोधन : संमतीतून सूट मागण्याचा अर्ज कसा करायचा

‘आम्ही माणसांवर नाही, प्रक्रियेवर संशोधन करतोय’ असं अर्जात लिहिण्याआधी मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण आठवा. तिथल्या संशोधकांनी लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा (कर्नल) सांभाळणाऱ्यांना मुद्दाम चुका पेरलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवले. तपासणीत ते पकडले जातात का, एवढंच पाहायचं होतं. ‘यात मानवी सहभागी नाहीत’ असं विद्यापीठाच्या नैतिकता समितीचं पत्रही त्यांच्याकडे होतं. पण पॅच तपासणारी माणसंच होती. २०२१ मध्ये प्रकरण चिघळलं आणि निबंध मागे घ्यावा लागला.

सूट कुणाला मिळते? सिऑम्स या वैद्यकीय विज्ञान संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तीन अटी आहेत. सूट दिल्याशिवाय संशोधन व्यवहारात शक्य नसावं, त्याचं सामाजिक मोल मोठं असावं आणि सहभागींना किमान पातळीपेक्षा जास्त धोका नसावा. तिन्ही एकदमच लागतात. पहिल्या अटीवर बरेच अर्ज अडतात, कारण ‘अशक्य’ आणि ‘आम्हाला गैरसोयीचं’ यात आपण सोयीस्कर गल्लत करतो. संमती घेतली तर सहभागींचा नमुना लहान होईल, हे कारण सहसा पुरत नाही.

कागदपत्रं : संशोधनाचा प्रोटोकॉल, सूट का हवी याचं स्वतंत्र निवेदन, माहिती कुठे आणि किती काळ ठेवणार याचा आराखडा, संशोधकांचे बायोडेटा, विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकाची सही. यापलीकडे काय लागतं ते आपापल्या नैतिकता समितीच्या अर्जाच्या नमुन्यात पाहावं.

खरी कसोटी डीब्रीफिंगच्या, म्हणजे प्रयोगानंतर सहभागींना खरं काय ते सांगणाऱ्या, पत्राची. माझा सल्ला, तेच आधी लिहा. ‘तुम्ही ज्याच्याशी बोललात तो ग्राहक नव्हता, आमचा सहकारी होता. तुमचं उत्तर आम्ही नोंदवलं आहे. ते नको असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा, आम्ही काढून टाकू.’ हे समोरच्याच्या तोंडावर वाचून दाखवायला जीभ अडखळत असेल, तर पत्र नव्हे, प्रयोग बदला.

एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. डीब्रीफिंगआधीच नावं कायमची पुसली, तर नकार देणाऱ्याची नोंद शोधणार कशी? म्हणून मुदत संपेपर्यंत नावं आणि त्यांचे सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी वेगळी, कुलपात ठेवा आणि मग नष्ट करा.

फसवणूक असलेले अर्ज बहुधा पूर्ण समितीपुढे जातात. वेळ हाताशी ठेवा. लेखी मंजुरी येईपर्यंत ‘चाचणीपुरती’ एकही नोंद घेऊ नका. आधी काम उरकून मागाहून मंजुरी मागितली, तर ती मिळत नाही.