तराकान, १२ जानेवारी १९४२ : दोन माइनस्वीपर आणि न पोचलेला निरोप

जपानी नौदलात माइनस्वीपरना, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या नौकांना, नावं नसत, नुसते क्रमांक असत. तराकानला डच तोफांनी बुडवलेल्या १३ आणि १४ क्रमांकाच्या या दोघी एकाच वर्गातल्या, १९३०च्या दशकात बांधलेल्या. मुळात वरचा भार जास्त, म्हणजे उलटण्याची भीती. १९३४ मध्ये सासेबोजवळ एक टॉर्पेडो बोट उलटली, तेव्हा या वर्गाचीही डागडुजी झाली. पॅसिफिक युद्ध त्यांनी पाहिलं ते जेमतेम पाच आठवडे.

तराकान हे बोर्निओच्या ईशान्य किनाऱ्यालगतचं, तेव्हा डचांच्या ताब्यातलं, छोटंसं पण तेलाचं बेट. जपानी फौजा ११ जानेवारीच्या पहाटेआधीच उतरल्या. तोवर डचांनी तेलविहिरी पेटवल्या होत्या आणि बेटाभोवतीच्या पाण्यात सुरुंग पेरले होते. १२ तारखेच्या सकाळी डच कमांडर शरण आला.

इथून पुढचा घोळ ‘शरणागतीनंतरचा गोळीबार’ या शब्दांनी वाढवला आहे. शरणागती दिली ती कमांडरने. बेटाच्या दक्षिण टोकाला, करुंगानच्या तोफांवर असलेल्यांना त्याचा पत्ताच नव्हता, कारण त्यांच्याशी संपर्क तुटला होता. जपानी लष्कराला हे ठाऊक होतं. ‘तिथल्या तोफखान्याला बहुधा कळलेलं नाही, पुढे येऊ नका,’ अशा अर्थाचा संदेश त्यांनी स्वतःच्याच नौदलाला पाठवला. तरीही दुपारी माइनस्वीपर खाडीत शिरल्या. सुरुंग काढणारी नौका मागे लांब तार ओढत चालते. तार ताणलेली राहायची तर वेग आणि दिशा बदलून चालत नाही. गोळा आला तरी झुकांडी देता येत नाही. अरुंद पाण्यात, जेमतेम दोन किलोमीटरवरून १२० मिलिमीटरच्या तोफा धडाडल्या आणि दोन्ही बुडाल्या. १५६ जण गेले, ५३ वाचले.

काही दिवसांतच तोफांवरच्या दोनशेहून जास्त डच कैद्यांना, नौका बुडाल्या त्याच पाण्यात बुडवून मारलं. माझ्या मते दोष लष्कराचा तो संदेश डावलणाऱ्याचा होता. ज्यांना निरोपच पोचला नव्हता त्यांना शिक्षा देणं हा सरळ खून होता. दगाबाजीचा आरोप अजूनही कुठेकुठे वाचायला मिळतो, त्याला आधार नाही.

मे १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य तराकानवर उतरलं, तेव्हा पुन्हा तेच. या वेळी किनाऱ्यावरच्या तोफा जपानी होत्या आणि २ मे रोजी त्यांनी बुडवलेली माइनस्वीपर अमेरिकन.