कार-टीनंतर लिम्फोमा उलटला: सीडी१९ गेलं की मॅक्रोफेज आडवे आले?

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. त्यावर रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणारे लिम्फोसाइट) प्रयोगशाळेत बदलून परत देतात, त्या कार-टी पेशी. त्या दिल्यावर साधारण तिसाव्या दिवशी पेट स्कॅन होतो. त्यात गाठ उजळलेली दिसली की घरच्यांना ‘पेशी चालल्या नाहीत’ एवढंच कळतं. त्या का चालल्या नाहीत याची दोन कारणं नेहमी एकमेकांत मिसळली जातात. स्कॅनवर दोन्ही सारखीच दिसतात, पुढचं औषध मात्र त्यांवरच ठरतं.

सोपं कारण आधी. कार-टी पेशी लिम्फोमाच्या पेशीवरचं सीडी१९ हे प्रथिन हेरून मारा करतात. काही कर्कपेशी ते प्रथिन बनवणं थांबवतात, किंवा कार (टी-पेशीवर बसवलेला, शत्रू पकडणारा कृत्रिम भाग) जिथे चिकटते तेवढाच तुकडा गाळून बनवतात. टी-पेशी धडधाकट असते, तिला शत्रू ओळखू येत नाही इतकंच. डीएलबीसीएल या आक्रमक प्रकारात आजार उलटलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शात सीडी१९ गेलेलं किंवा घटलेलं सापडतं. बाकीच्यांत ते जागेवर असूनही गाठ वाढते.

अशा वेळी बघायचं ते गाठीतल्या इतर पेशींकडे. तिथे मॅक्रोफेज (भक्षक प्रतिकारपेशी), त्यांच्याच कुळातल्या अपक्व मायलॉइड पेशी आणि इतर टी-पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी ठाण मांडून असतात. मॅक्रोफेज आणि मायलॉइड पेशी आर्जिनेज हे विकर सोडून आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतात, आणि आर्जिनिनवाचून टी-पेशींची संख्या वाढत नाही. आयएल-१० व टीजीएफ-बीटा ही पेशींमधली संदेश-प्रथिनं टी-पेशींची मारक ताकद उतरवतात. मॅक्रोफेजवरचं पीडी-एल१ हे प्रथिन टी-पेशीवरच्या पीडी-१ ला भिडलं की तिचा ब्रेकच दाबला जातो. गाठीत इंटरफेरॉन या संदेश-प्रथिनाचा संकेत दीर्घकाळ चालू असला तर पीडी-एल१ आणखी चढतं. ज्यांच्या रक्तात टी-पेशींना दडपणाऱ्या, मोनोसाइटसारख्या (मोनोसाइटपासून मॅक्रोफेज बनतात) पेशी आधीपासून जास्त, त्यांच्यात कार-टी पेशी कमी वाढतात, असंही दिसलं आहे.

पेशी देण्याआधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोथेरपी देतात. ही औषधं मुख्यतः लिम्फोसाइट हटवतात. गाठीत मुरलेले मॅक्रोफेज त्यातून पूर्ण साफ होत नाहीत. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेली नेक्सकार१९ ही कार-टीसुद्धा सीडी१९ वरच नेम धरते, त्यामुळे हे दोन्ही धोके तिलाही आहेत.

कार-टी दिल्यावर ताप जोरात चढला म्हणजे उपचार लागू पडला, असं वॉर्डात सर्रास बोललं जातं. त्यावर विसंबू नये. तो ताप आणणारं आयएल-६ हे दाहाचं संदेश-प्रथिन मोठ्या प्रमाणात मोनोसाइट-मॅक्रोफेजच बनवतात (ते रोखायला टोसिलिझुमॅब देतात). उलट पेशी देण्याआधीच फेरिटिन (दाहात वाढणारं रक्तातलं प्रथिन) आणि आयएल-६ चढलेलं असेल, तर गुण टिकण्याची शक्यता कमी असते.

फरक कळतो तो सुईने. उजळलेल्या गाठीतून कोअर बायोप्सी (जाड सुईने काढलेला गाठीचा अखंड तुकडा) घ्यावी. बारीक सुईने ओढलेल्या पेशींतून गाठीची रचना कळत नाही. शिवाय चमक नुसत्या दाहाचीही असू शकते. सीडी१९ तपासताना एक खाच आहे: तपासणीत वापरायच्या काही अँटिबॉडी प्रथिनाचा पेशीच्या आतला भाग रंगवतात. बाहेरचा तुकडा गळालेला असला तरी रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतो. शक्य तिथे फ्लो सायटोमेट्रीने (सुट्या पेशी एकेक करून मोजणारी तपासणी) पेशीचा पृष्ठभागही पाहावा. मॅक्रोफेजसाठी त्यांच्यावरचं सीडी१६३ हे खूण-प्रथिन आणि पीडी-एल१ रंगवता येतं, पण त्यावरून उपचार ठरवावा अशी सर्वमान्य मर्यादारेषा नाही.

सीडी१९ गेलं असेल तर त्याच प्रथिनावर चालणारं लोनकास्टुक्सिमॅब किंवा टाफासिटामॅब देण्यात अर्थ नाही. कर्कपेशीवरचं सीडी२० हे दुसरं प्रथिन धरून टी-पेशीला तिच्याशी जोडणारं ग्लोफिटामॅब किंवा एपकोरिटामॅब विचारात येतं. सीडी१९ शाबूत असेल तर ही सीडी२० वाली औषधं लंगडी पडू शकतात, कारण त्यांनाही रुग्णाच्या टी-पेशीच लागतात आणि त्या त्याच दडपणाखाली असतात. अशा वेळी टी-पेशींवाचून कर्कपेशीवर थेट मारा करणारं पोलाटुझुमॅब किंवा मोजक्या गाठींवर रेडिएशन जास्त पटतं. पीडी-१ रोखणारी औषधं वापरून झाली आहेत, गुण थोड्यांनाच आला.

बायोप्सीआधी स्टेरॉइड सुरू करायचा मोह टाळावा. लिम्फोमाच्या पेशी त्याने झपाट्याने मरतात आणि नमुन्यात तपासण्याजोगं काही उरत नाही.