वीस रुपयांच्या बाटलीत पाणी किती रुपयांचं?

गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती बाटलीबंद पाण्यानं भरायची तर लिटरला २० रुपयांप्रमाणे २०,००० रुपये लागतील. आता नळाच्या बिलावर हजार लिटरचा दर शोधा. या दोन आकड्यांमधला फरक पाण्याचा नाही. तो बाटली, झाकण, लेबल, ट्रकचं भाडं, दुकानदाराचं कमिशन आणि फ्रीजचं वीजबिल यांचा आहे. पाणी जड असतं, लिटरमागे किलोभर. ते नळातून न आणता खोक्यांत भरून रस्त्यानं आणलं की महाग होणारच. सप्टेंबर २०२५ मध्ये बाटलीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, रेल्वेच्या रेल नीर पाण्याची लिटरची बाटली १५ची १४ रुपयांना झाली. तरी हिशेबाचं मूळ चित्र तेच राहिलं. कामाच्या दिवशी रोज एक बाटली, महिन्याचे २६ दिवस धरले, तर वर्षाला ६,२४० रुपये होतात.

कोल्हापुरात बाटली घेण्यामागं चैनीपेक्षा धास्ती जास्त असते, आणि ती अगदीच खोटी नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. २०१९ आणि २०२१च्या महापुरात पंपच पाण्याखाली गेले आणि शहराला टँकरवर राहावं लागलं. पण पाण्याचे दोष वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा उतारा वेगळा. दोष न ओळखता उपाय विकत घेतला की पैसे वाया जातात.

पहिला दोष क्षारांचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. काळम्मावाडी धरणाहून थेट पाइपलाइननं आलेलं असो की शिंगणापूरला पंचगंगेतून उपसलेलं, आपलं नळाचं पाणी मुळात सह्याद्रीवर पडलेला पाऊस आहे. त्यात क्षार फार नसतात. बोअरच्या पाण्याची गोष्ट निराळी. दोन-तीनशे रुपयांच्या टीडीएस मीटरनं एकदा मोजून घ्या. आकडा ५००च्या आत असेल तर क्षारांसाठी आरओची, म्हणजे पाणी बारीक पडद्यातून दाबून गाळणाऱ्या यंत्राची, गरज नाही. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, आणि ज्या क्षारांची अडचणच नव्हती ते काढतो.

मात्र हाच मीटर दाखवून घाबरवणाऱ्या विक्रेत्यांपासून सावध राहा. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, जंतू मोजत नाही. चिमूटभर मीठ टाकलं की आकडा उडी मारतो. काविळीच्या विषाणूंनी भरलेल्या पाण्यात तो जागचा हलणारही नाही.

जंतूंचा दोष बहुतेक वेळा शुद्धीकरण केंद्रात नसतो, तो वाटेत किंवा घरातच शिरतो. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असायला हवा. आरोग्य कर्मचारी पाण्यात रसायनाचे थेंब टाकून (ओटी टेस्ट) पिवळा रंग येतो का पाहतात, ती याचीच तपासणी. तेच पाणी झाकण फुटलेल्या टाकीत दोन दिवस उन्हात राहिलं की क्लोरीन उडून जातो, आणि मग तळाच्या गाळातल्या जंतूंना कुणी रोखणारं उरत नाही. टाकी पावसाळ्याआधी आणि नंतर घासून घ्यावी. शंका असेल तेव्हा हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, पुरते. ती थेट टाकीत टाकायची नाही. प्लॅस्टिकच्या मगात कालवायची, तिच्यातला चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. पुडा उघडा राहून दमट झालेली पावडर निकामी असते. वास येत नसेल तर ती फेकून द्या.

उकळणं हा सगळ्यांत भरवशाचा उपाय, आणि त्याचा हिशेबही सोपा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. शेगडीतून वाया जाणारी धग धरूनही हे १०-११ ग्रॅम गॅसचं काम. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर खर्च ७० पैसे. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. घरोघरी वीस मिनिटं उकळत ठेवतात, त्यात मोठी उधळपट्टी आहे. लिटरातलं १०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर उकळी आणायला लागली त्याच्या ७० टक्के उष्णता आणखी गेली. शिवाय राहिलेल्या पाण्यातले क्षार घट्ट होतात. फडक्यातून गाळायचं ते उकळण्याआधी. उकळल्यावर गाळलं तर फडक्यातले जंतू परत आत जातात. उकळलेल्या पाण्यात हात घालून पेला बुडवणारेही पुष्कळ, म्हणून तोटीचा पिंप बरा.

जून-जुलैत पाणी तांबडं, गढूळ येतं तेव्हा यूव्हीवर, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या यंत्रावर, विसंबू नये. मातीच्या कणांच्या सावलीत जंतू सुरक्षित राहतात. वीस लिटरच्या बादलीत अर्धा ग्रॅम तुरटीची पूड ढवळा, तासभर निवळू द्या, वरचं पाणी हलक्या हातानं काढा आणि मग उकळा.

वीस लिटरचा जार ३०-४० रुपयांना मिळतो, म्हणजे लिटरला दीड ते दोन रुपयांना. सीलबंद जारवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक शोधा. बिनसीलाच्या जारमध्ये नुसतं गार केलेलं पाणीही असू शकतं, आणि गारव्यानं जंतू मरत नाहीत. सीलबंद बाटलीही उन्हात तापलेल्या गाडीत दिवसचे दिवस ठेवू नये, कारण उष्णतेनं प्लॅस्टिकमधलं अँटिमनी नावाचं मूलद्रव्य पाण्यात जास्त उतरतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात बाटलीबंद पाण्याच्या लिटरमागे सरासरी २,४०,००० प्लॅस्टिकचे कण मोजले गेले. त्यातले ९० टक्के नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचे होते. आरोग्यावर त्यांचा परिणाम काय, हे अजून ठरायचं आहे.

हाच हिशेब कॅफेतल्या कॉफीला लावला तर गणित वेगळं येतं. १८० रुपयांच्या कॅपुचिनोत १८ ग्रॅम कॉफी आणि दीडशे मिलिलिटर दूध असतं. उरलेले पैसे खुर्ची, एसी, नऊ बारच्या दाबाचं यंत्र आणि ते चालवणाऱ्या हाताचे. त्या खुर्चीत दोन तास बसून काम होणार असेल तर सौदा वाईट नाही. केवळ चवीसाठी आठवड्यातून दोनदा जात असाल, तर वर्षाचे १८,७२० रुपये होतात.

घरी पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये दोन कपांसाठी २० ग्रॅम चिकोरी मिसळलेली पूड हलकेच दाबा आणि उकळी बसल्यावर १०० मिलिलिटर पाणी ओता. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खाली उतरतो. थेंब अडले तर पूड फार बारीक आहे किंवा जास्त दाबली गेली आहे. भसकन खाली आलं तर उलट. पूड किलोला ८०० रुपये धरली, तर १०० मिलिलिटर दुधासकट कप १६ रुपयांच्या आसपास पडतो. डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, कडवट होतं, त्यात फक्त गरम दूध घाला. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध असेल तर साय इतकी दाट, की कॉफी थोडी जास्तच लागते.

आणि कॉफी आरओच्या पाण्यात करू नका. चांगल्या चवीसाठी पाण्यात लिटरमागे साधारण ७५ ते २५० मिलिग्रॅम क्षार लागतात. २०-३० टीडीएसच्या पाण्यात ती आंबट, पोकळ उतरते.

बाहेर जाताना रुंद तोंडाची स्टीलची बाटली न्या. ब्रश आत जातो का, हे विकत घेतानाच पाहा. झाकणातली रबरी रिंग आठवड्यातून एकदा काढून घासा. स्टीलच्या बाटलीला कुबट वास येतो तो बहुतेक वेळा तिथूनच.