लष्करी सेवा आणि बेसबॉलपटूंची आकडेवारी

दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे कोरियन युद्धात अमेरिकेच्या मेजर लीगमधले (व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरचे) कितीतरी खेळाडू ऐन उमेदीत सैन्यात गेले. त्यांच्या आकड्यांत पडलेला खड्डा भरून पाहणे हा बेसबॉलच्या अभ्यासकांचा जुना उद्योग आहे.

रूढ रीत सोपी आहे : मागच्या आणि पुढच्या हंगामाची सरासरी काढून ती रिकाम्या वर्षांत भरायची. फलंदाज टेड विल्यम्स १९४३ ते १९४५ खेळलाच नाही. १९४२ मध्ये त्याचे होमरन (एकाच फटक्यावर सगळे तळ फिरून काढलेली धाव) ३६, १९४६ मध्ये ३८; म्हणजे तीन वर्षांचे १११. कोरियात लढाऊ विमान चालवायला गेल्याने १९५२ मध्ये त्याला ६ आणि १९५३ मध्ये ३७ सामनेच मिळाले. १९५१ चे ३० आणि १९५४ चे २९ यांवरून त्या दोन वर्षांचे ५९ धरावेत, प्रत्यक्ष मारलेले १४ वजा करावेत, उरतात ४५. कारकिर्दीतले प्रत्यक्ष ५२१ होमरन असे ६७७ वर जातात. मात्र १९५४ मध्ये गळपट्टीचे हाड मोडल्याने तो ११७ सामनेच खेळला होता, तेव्हा त्या दुखापतीची वजावट या हिशेबात नकळत दोनदा शिरते.

पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, बाबतीत ही रीत जास्त फसते, कारण फेकणारा हात झिजतो. पिचर बॉब फेलरचे १९४१ मध्ये २५ विजय (संघाने जिंकलेले आणि त्याच्या नावे लागलेले सामने), १९४६ मध्ये २६. मधली सेवेची वर्षे त्याच मापाने भरली, तर कारकिर्दीतल्या २६६ विजयांचे सुमारे ३६३ होतात. पण १९४६ मध्ये त्याने ३७१ डाव (सामन्याचे नऊ डाव असतात) टाकून ३४८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) घेतले आणि दोनच वर्षांत स्ट्राइकआउटचा आकडा १६४ वर आला. मधली वर्षेही तसाच राबला असता, तर हात १९४६ पर्यंत टिकला असता का, हे बेरीज सांगत नाही. वॉरन स्पान या पिचरचीही तीन वर्षे सैन्यात गेली. पहिला विजय पंचविसाव्या वर्षी मिळाला, तरी चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळून त्याने खरोखरच ३६३ सामने जिंकले.

फलंदाज सेसिल ट्रॅव्हिसचे प्रकरण याहून अवघड. १९४१ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .३५९ होती, म्हणजे हजार संधींत ३५९ हिट. दुसऱ्या महायुद्धातल्या बल्जच्या हिवाळी लढाईत पायांना हिमदंश झाला. १९४६ मध्ये सरासरी .२५२, पुढच्या वर्षी .२१६. दोन्ही टोकांची सरासरी काढली की युद्धाने नंतर केलेले नुकसान न खेळलेल्या वर्षांच्याही माथी बसते. अशा वेळी फक्त आधीचेच हंगाम धरावेत आणि वयाची वजावट वेगळी करावी.